अवधान : कीर्तनाचा मंडप आणि हातातला पडदा

'अवधान' हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. 'अनवधानाने चूक झाली' असे आपण अजूनही म्हणतो. म्हणजे अभाव सांगणारा शब्द तेवढा उरला आणि ज्याचा अभाव झाला तो मूळ शब्द मात्र पोथीत जाऊन बसला. त्याच्या जागी 'एकाग्रता' आली. विद्यार्थ्याची एकाग्रता, कचेरीतल्या माणसाची एकाग्रता, मोबाइलमुळे ढळणारी एकाग्रता आणि ती वाढविण्याचे दहा उपाय, अशी या शब्दाची सध्या मोठी चलती आहे. दोन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत असे वरवर वाटते. परंतु त्यांच्याबरोबर मराठी भाषा कोणती क्रियापदे योजते हे पाहिले, तर भेद ध्यानात येतो. एकाग्रता साधावी लागते, कमवावी लागते. ती ज्याची त्याची मिळकत आहे. अवधान मात्र द्यावे लागते. त्याला देणारा लागतो आणि घेणाराही लागतो. १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय श्रोत्यांजवळ अवधान मागूनच सुरू होतो, आणि ही मागणी अधिकाराची नसून सलगीची आहे, असेही ज्ञानदेव लागलीच सांगून टाकतात. एवढा मोठा वक्ता, आणि तो श्रोत्यांपुढे हात पसरतो!

आज याच्या उलट भाषा झाली आहे. शाळेतल्या मुलाला आपण 'लक्ष दे' म्हणतो तेवढेच. एरवी लक्ष वेधले जाते, खेचले जाते, खिळवून ठेवले जाते. देण्याचे क्रियापद मागे पडले आणि घेण्याची क्रियापदे पुढे आली. हा केवळ शब्दच्छल आहे असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. ज्या वस्तूला आपण 'देणे' म्हणत होतो ती आपल्याकडून 'घेतली' जाऊ लागली, आणि तरीही तिचा तुटवडा पडल्याचा दोष मात्र आपण आपल्या मनोबलाला देत बसलो आहोत, हे या विषयावरील आजच्या लिखाणातले मूळ दुखणे आहे.

तुटवडा खरा आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. कॅलिफोर्नियातील संशोधिका ग्लोरिया मार्क यांनी २००४ च्या सुमारास कचेरीत काम करणारी माणसे एका पडद्यावर सलग किती वेळ टिकतात याची मोजणी केली, तेव्हा ती सरासरी अडीच मिनिटे भरली. अलीकडच्या मोजण्यांत ती पाऊण मिनिटाच्या आसपास आली. त्यांच्याच निरीक्षणातली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. काम मोडण्याच्या प्रसंगांपैकी जवळजवळ निम्मे प्रसंग बाहेरच्या कोणत्याही घंटीमुळे घडत नाहीत. माणूस आपण होऊनच हातातले काम सोडून दुसरीकडे वळतो. चोर दाराबाहेर आहे तसा घरातही आहे. मात्र याच विषयावर जी निराधार भाकडकथा पसरली आहे तिच्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातील शाखेच्या एका अहवालामुळे, माणसाचे लक्ष आता आठच सेकंद टिकते आणि ते काचेच्या भांड्यातल्या सोनेरी माशाहूनही कमी झाले आहे, ही गोष्ट जगभर फिरली. तिच्या मुळाशी असे कोणतेही संशोधन सापडले नाही. जो तरुण पडद्यावर मिनिटभर ठरत नाही तोच क्रिकेटच्या सामन्यापुढे चार तास बसतो. शक्ती मेलेली नाही. ती कोणाला द्यावी, कोठे द्यावी आणि दिल्यावर तिचे काय होते, याविषयीची सवय मोडली आहे.

ही सवय आपल्या समाजात कोणी लावली? शाळेने थोडी लावली असेल. पण शाळा घरोघर पोहोचण्यापूर्वी ती देवळाच्या चौकात लागत होती, आणि ती लावणाऱ्या साधनांत कीर्तन हे सर्वांत कसलेले. प्रस्तुत लेखात कीर्तनाचे माहात्म्य सांगण्याचा हेतू नाही. ते सांगणारे अधिकारी पुरुष पुष्कळ होऊन गेले. एक कलाप्रकार म्हणून त्याच्याकडे पाहावयाचे आहे, आणि प्रश्न एवढाच विचारावयाचा आहे की, दिवसभर कुळागरात, दुकानात, कचेरीत आणि चुलीपुढे राबून आलेल्या, वयाने आणि शिक्षणाने सर्वस्वी भिन्न अशा शेदोनशे माणसांचे अवधान रात्री दोन-अडीच तास धरून ठेवणारी ही रचना आतून आहे तरी कशी?

नारदीय कीर्तनाची बांधणी बहुतेक वाचकांच्या परिचयाची आहे. आरंभी नमन, मग मूळपद, म्हणजे बहुधा एखाद्या संताचा अभंग किंवा पद, त्यावर निरूपण. हा पूर्वरंग. मध्ये नामघोष. त्या वेळी बुवांना हार घातला जातो, बुक्का लावला जातो, श्रोते पाय मोकळे करतात, एखादे मूल आईच्या मांडीवरून उठून पाणी पिऊन येते. नंतर उत्तररंग, म्हणजे आख्यान. आख्यानातली कथा एका चालीने पुढे सरकत नाही. गद्य, मध्येच श्लोक, मग साकी, दिंडी, मोरोपंतांची आर्या. वर्णनाला वेग आला की कटाव आणि करुण प्रसंगी संथ पद. आणि शेवटी बुवा कथा जेथे आणून सोडतात ते ठिकाण मूळपदाचेच असते.

सुदाम्याचे आख्यान घ्या. पूर्वरंगात मूळपदाच्या आधाराने निष्काम भक्तीचे निरूपण झाले. ते ऐकताना निम्म्या मंडपाच्या मनात घरची कामे घोळत असतात, आणि हे बुवांना ठाऊक असते. उत्तररंगात द्वारकेचे वर्णन कटावात सुटते. सोन्याचे वाडे, हत्ती, द्वारपाळ, दासी. श्रोता त्या वैभवात हरवतो, मूळपद पार विसरतो. आणि मग अकस्मात तबला थांबतो आणि फाटक्या वस्त्राच्या पुरचुंडीची गाठ सुटू लागते. काही मागावयास आलेला माणूस न मागताच परत निघतो. या ठिकाणी बुवा मूळपद पुन्हा उचलतात, तेव्हा तासापूर्वी सिद्धांत म्हणून कानांवरून गेलेले तेच शब्द आता एका माणसाच्या आयुष्यात घडलेले दिसतात. पहिल्या वेळी ते ऐकू आले होते. दुसऱ्या वेळी ते पोहोचतात.

या रचनेत समीक्षकाने हेरावी अशी गोष्ट ही की, श्रोत्याचे मन भटकणार हे ती गृहीतच धरते. अडीच तास डोळे मिटून निश्चल बसा, असे कीर्तन कोणाला सांगत नाही. उलट ते स्वतःच मनाला भटकावयास नेते, द्वारकेत नेते, अरण्यात नेते, हसविते, कधी गावातल्या कंजूष माणसाची नक्कलही करते. परंतु प्रत्येक आडवाटेवरून परतण्याचा रस्ता बुवांनी आधीच आखून ठेवलेला असतो. गीतेच्या सहाव्या अध्यायाशी हे फार जवळचे आहे. मन आवरणे वारा आवरण्याइतके कठीण आहे, ही अर्जुनाची तक्रार श्रीकृष्ण नाकारीत नाहीत. ते अभ्यास आणि वैराग्य ही दोन साधने सांगतात. त्याआधी ध्यानाचा मार्ग सांगतानाही, मन जेथे जेथे पळेल तेथून ते परत आणावे, असेच त्यांचे सांगणे आहे. म्हणजे एकाग्रतेची कसोटी न हलण्यात नाही, परत येण्यात आहे. ध्यानाचा अधिकारी हा अभ्यास एकांतात करतो. सामान्य प्रपंचिकाकडून तोच अभ्यास चौकात, समुदायात, गाण्यागोष्टींच्या संगतीने करवून घ्यावा, ही कीर्तनाची योजना. दर पाच-दहा मिनिटांनी गेलेले मन परत आणण्याची ती एक तालीम आहे, आणि तिचे सर्व श्रम श्रोत्याच्या एकट्याच्या माथी टाकलेले नाहीत. अर्धे ओझे रचना वाहते.

येथे चाणाक्ष वाचक विचारील की, मोबाइलवरची रीलही तेच करीत नाही काय? तीही क्षणाक्षणाला पालट करते, हसविते, गाणे ऐकविते, रस बदलते. आक्षेप बिनतोड आहे, आणि पालटालाच दोष देणारे जे अनेक लेख आपण वाचतो ते येथेच लटके पडतात. पालट हा दोष नव्हे. कटावानंतर संथ पद, वीरानंतर करुण, हा पालटच आहे. भेद आहे तो पालट कोणाच्या सेवेला लावला आहे याचा. कीर्तनातील शंभर आडवाटा एका मूळपदाकडे परततात. रीलमागून रील येते ती कोठेच परतत नाही. पहिल्या रीलचा दुसरीशी, दुसरीचा तिसरीशी संबंध इतकाच की तिन्हींनी तुमचा अंगठा काही क्षण थोपवून धरला. मूळपद नसलेले कीर्तन कल्पना करून पाहावे: एका आख्यानाचा कटाव, दुसऱ्याचा विनोद, तिसऱ्याचा शोक, चौथ्याची लढाई, आणि असे पहाटेपर्यंत. श्रोता उठणार नाही कदाचित, पण सकाळी काय ऐकले म्हणून विचारले तर त्याला सांगता येणार नाही. रात्री तास-दीड तास पडदा सरकवून झाल्यावर आपली नेमकी हीच अवस्था झालेली असते.

आणि शेवट नसणे हा या मांडणीचा अपघात नव्हे. पडद्यावरचा मजकूर खाली सरकवीत जावा आणि तो कधी संपूच नये, ही योजना अझा रास्किन या तंत्रज्ञाने २००६ मध्ये आखली. पुढे तिच्याविषयी त्याने स्वतःच खेद व्यक्त केला. आपल्याकडे सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइलवरचा डेटा अतिस्वस्त झाला, जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, आणि त्याच वर्षी इन्स्टाग्रामची रील व यूट्यूबचे शॉर्ट्स हे प्रकार येथे सुरू झाले. एक दुकान बंद होते न होते तोच त्याच मालाची दोन दुकाने उघडली! आपल्या परंपरेतल्या श्रवणाच्या आणि वाचनाच्या सर्व प्रकारांत मात्र शेवट ठरलेला असतो. श्रावणात घरी हरिविजय किंवा रामविजय वाचावयाचा तर अध्याय ठरलेला. अध्यायाच्या अखेरीस तो संपल्याचे सांगणारी ओळ असतेच. पोथी बांधली जाते, तिला नमस्कार होतो, आणि ऐकणारी माणसे आपापल्या कामाला लागतात. गुरुचरित्राच्या सप्ताहाला सात दिवस, रोजचे अध्याय नेमून दिलेले. ज्याला शेवट आहे त्यालाच माणूस मनापासून अवधान देऊ शकतो, कारण देऊन झाल्यावर उरलेले मन आपल्याकडे परत येणार आहे, याची त्याला खात्री असते. अखंड नामाच्या सप्ताहातसुद्धा नाम अखंड असते, माणूस नव्हे. विणेकरी पहाऱ्यापहाऱ्याने बदलतात.

आता आपल्या देवळांकडे वळू. गोमंतकात नवरात्र म्हणजे कीर्तन आणि मखर. फोंडा महालातील देवळांत नऊ रात्री कीर्तन होते, आणि कीर्तनानंतर मखरात बसविलेली उत्सवमूर्ती आरतीच्या व वाद्यांच्या घोषात झुलविली जाते. रोजचे रूप निराळे, रोजची आरास निराळी. या दोहोंचा क्रम निव्वळ सोयीचा नाही. दोन तास एका कथेत बसलेले मन जेव्हा मखराकडे वळते तेव्हा ते भरलेले असते. घंटांचा आणि झांजांचा तो कल्लोळ त्याला कल्लोळ वाटत नाही. ग्वाल्हेरला तानसेन समारोहाच्या आरंभी ढोलीबुवांच्या मठाची हरिकथा आणि मिलाद होण्याची जी जुनी रीत आहे तिचा अर्थही मला असाच लागतो. स्वर ऐकण्यापूर्वी श्रोते कथेने बसते करावयाचे.

गेल्या काही वर्षांत या क्रमाचे काय झाले आहे ते प्रत्येकाने आपल्या देवळात पाहावे. नमनाच्या वेळी चौकात पंधरा-वीस माणसे, त्यांतली बहुतेक वृद्ध. निरूपण चालू असता मंडपाच्या कडेला निळसर उजेडात वाकलेले चेहरे. मखराची वेळ जवळ येऊ लागली की बाहेर थांबलेली मंडळी आत लोटते, आणि मखर हलू लागताच शेकडो हात वर होतात. ते जोडलेले नसतात. प्रत्येकात एक मोबाइल असतो. मागे उभी असलेली म्हातारी बाई देवाचे रूप समोरच्या माणसाच्या पडद्यात पाहते. श्रद्धा कमी झाली, असा निष्कर्ष यावरून काढणे मला अन्यायाचे वाटते. ही माणसे लांबून, वेळ काढून, भक्तीनेच आलेली असतात. त्यांनी शिखर तेवढे उचलले आणि चढण सोडून दिली, एवढेच. मात्र चढणीवाचून गाठलेल्या शिखरावर दम लागत नाही, आणि वारंही लागत नाही. ते दृश्य दुसऱ्या दिवशी पडद्यावर पुन्हा पाहताना इतके फिके का वाटते, याचे उत्तर त्या सोडलेल्या दोन तासांत आहे.

या ऱ्हासाचा सर्व दोष श्रोत्यांवर ढकलणेही बरोबर होणार नाही. कीर्तनकारांचा वाटा त्यात मोठा आहे, आणि तो बोलून दाखविण्याची भीड आपण फार काळ बाळगली. अडीच तासांच्या कीर्तनातला चाळीस सेकंदांचा विनोद कापून गावोगाव फिरतो, त्याने बुवांचे नाव होते, पुढच्या वर्षीची आमंत्रणे येतात. याचा परिणाम म्हणून आता काही बुवा कीर्तन रचतात तेच कापण्याजोगे. निरूपणाचा सांधा दुसऱ्या सांध्याशी जुळत नाही. सुटे सुटे चुटके, मधूनमधून टाळ्यांची जागा, आणि नजर श्रोत्यांवरून सुटून कॅमेऱ्यावर. अशा कीर्तनाला मूळपद असते ते प्रथेपुरते. शेवटी त्याच्याकडे परतण्याइतका वेळही राहिलेला नसतो. दुसरे टोकही तितकेच वाईट: ध्वनिवर्धकाचा कानठळ्या बसविणारा आवाज, निरूपणाच्या नावाखाली तीच ती घासलेली वाक्ये, आणि आख्यानाला पोहोचेपर्यंत श्रोत्याचा अंत पाहणे. श्रोत्याने अवधान दिले तर वक्त्याने त्याचे काहीतरी करून दाखविले पाहिजे. हा व्यवहार दोन्ही बाजूंचा आहे. ज्याची तयारी नाही त्या बुवांना, चौकात मोबाइल का चालतात, असे विचारण्याचा अधिकार नाही.

पूर्वी सर्व श्रोते तल्लीन होऊन बसत होते, अशीही कोणी समजूत करून घेऊ नये. समर्थांनी दासबोधात श्रोत्याच्या अवलक्षणांसाठी एक स्वतंत्र समास खर्ची घातला आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी मंडपात सर्व शहाणी माणसे बसत असती तर त्याची गरज पडली नसती. पेंगणारे, कुजबुजणारे आणि मध्येच उठून जाणारे श्रोते तेव्हाही होते. पण पेंगणाऱ्या श्रोत्याला नामघोषाने जागे करता येते. खिशात सारे जग घेऊन बसलेल्या श्रोत्याला मंडपात असूनही मंडपाबाहेर राहता येते, आणि त्याला हाक मारण्याची सोय रचनेपाशी नाही. फरक पडला तो येथे.

एक गोष्ट आपल्या प्रदेशापुरती नमूद करावीशी वाटते. गोमंतकातला श्रोता घरी कोंकणी बोलतो आणि कीर्तन मराठीत ऐकतो. १९६१ पर्यंत राज्यकर्त्यांची भाषा तिसरीच होती. अशा स्थितीत मराठी पोथी आणि कीर्तन यांच्याच आधाराने कित्येक घरांत ग्रंथांची भाषा टिकली. हे ऐकणे अर्थातच थोडे कष्टाचे होते. आजीला आर्येतला प्रत्येक शब्द कळत नसे. ती मागच्या-पुढच्या कथेवरून अर्थ जुळवीत असे, न कळलेला शब्द मनात धरून घरी नेत असे आणि दुसऱ्या दिवशी कोणाला तरी विचारीत असे. भाषेचे हे अंतर म्हणजे श्रवणातला अडथळा, असे आपण समजतो. मला वाटते, त्या अंतरानेच तिच्याकडून अवधान घडवून घेतले. बेळगावकडच्या, कारवारच्या किंवा हैदराबादेतल्या मराठी घरांतही हा अनुभव थोड्याफार फरकाने आला असेल. जे विनासायास कळते ते पुष्कळदा विनासायास निसटते. पडद्यावरचा मजकूर तर सायास पडू नयेत अशाच बेताने तयार केलेला असतो. यावरून कीर्तन दुर्बोध करावे असे कोणी म्हणणार नाही. पण आजकाल सुलभतेच्या नावाखाली आर्या गाळल्या जातात, श्लोकांचे गद्य सांगितले जाते, त्यामागे श्रोत्याची कदर आहे की त्याच्याविषयीची निराशा आहे, याचा बुवांनी विचार करावा.

थेट प्रक्षेपणाविषयी मात्र माझे मत सरसकट प्रतिकूल नाही. ज्यांचे कुलदैवत गोमंतकात आहे अशी घराणी मुंबईपासून मंगळूरपर्यंत आणि आता परदेशातही पसरलेली आहेत. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला आपल्या देवाची आरती घरी बसून पाहता येते, हे लहान सुख नव्हे. तो वृद्ध पडद्यापुढे दिवा लावतो, हात जोडून बसतो, आणि अखेरपर्यंत उठत नाही. अवधान द्यावयाचे असेल तर ते पडद्यालाही देता येते, याचा हा पुरावाच आहे. माझी तक्रार चौकात बसून पडद्यातून देव पाहणाऱ्याविषयी आहे.

एकाग्रता वाढविण्यासाठी जी निरनिराळी अ‍ॅप निघाली आहेत त्यांचा परामर्श थोडक्यात घेतला तरी पुरे. श्वास मोजून शांत बसविणारे, पंचवीस मिनिटांचे गजर लावणारे, मोबाइलला कुलूप घालणारे असे त्यांचे प्रकार आहेत. परीक्षेला बसलेल्या मुलाला त्यांचा थोडा उपयोग होतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्यांतली बरीचशी अ‍ॅप सलग किती दिवस ध्यान केले याचे आकडे दाखवितात, आणि एक दिवस चुकला की त्याच घंटीने बोलावतात जिच्यापासून सुटण्यासाठी आपण त्यांच्याकडे गेलो होतो. शिवाय त्यांत दुसरा माणूस नाही. पतंजलींनी अभ्यास दृढ होण्याच्या ज्या अटी सांगितल्या आहेत त्यांत दीर्घकाळ आणि सातत्य यांच्या बरोबरीने सत्कार, म्हणजे आदर, हीही एक अट आहे. काळ आणि सातत्य यांची मोजदाद यंत्र करू शकेल. आदर कोणाविषयी बाळगावयाचा, हे ते सांगू शकत नाही. कीर्तनात समोर बुवा उभे असतात, शेजारी आपलेच वडील बसलेले असतात, गाभाऱ्यात देव असतो. एवढ्या साक्षीदारांच्या देखत मन परत आणणे हे बंद खोलीत एकट्याने परत आणण्यापेक्षा किती तरी सोपे आहे.

मग देवस्थान समित्यांनी करावे तरी काय? बंदीचे फलक लावण्यावर माझा फारसा विश्वास नाही. असे फलक वाचून त्यांचेच चित्र काढणारी माणसे आपल्यात आहेत. पण काही गोष्टी साध्या आणि होण्याजोग्या आहेत. मखराचे चित्रीकरण समितीने नेमलेल्या एकाच माणसाने, एका ठराविक जागेवरून करावे आणि ते सर्वांना मिळेल असे आधीच जाहीर करावे; हात वर करण्याचे निम्मे कारण तेथेच संपते. कीर्तन ठरलेल्या वेळी सुरू व्हावे, मग समोर पाच माणसे असोत. पूर्वरंगाला कात्री लावून आख्यान लवकर उरकण्याची जी सूचना हल्ली बुवांना केली जाते ती बंद व्हावी; कीर्तन लहानच करावयाचे तर सर्व अंगांनी सारखे लहान करावे, म्हणजे मूळपदाकडे परतण्यास वाव राहील. आणि नऊ रात्रींपैकी निदान एक रात्र तरी गावातल्याच एखाद्या शिकाऊ मुलाला किंवा मुलीला पूर्वरंगासाठी उभे करावे. ज्याने एकदा श्रोत्यांपुढे उभे राहून अवधान मागितले आहे, त्याला समोरचा माणूस मान खाली घालून बसला की काय वाटते, हे पुन्हा कोणी शिकवावे लागत नाही.

मुलांच्या बाबतीत आणखी एक उपाय आपल्याकडे आयता आहे. चतुर्थीला वाड्यावाड्यावर घुमट आरत्या होतात. घुमटाला गोवा सरकारने २०१९ मध्ये राज्याच्या वारसावाद्याचा मान दिला. त्यावर पूर्वी घोरपडीचे कातडे चढवीत, आता बकऱ्याचे चढवितात. घुमट, शामेळ आणि कांसाळे यांचा मेळ धरून आरती म्हणणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुलाकडे पाहावे. त्याचे डोळे घुमटवाल्याच्या बोटांवर असतात, कान पुढच्या कडव्याकडे, आणि एक ठोका चुकला तर शेजारचा थोरला भाऊ कोपराने ढोसतो. अर्धा तास तो मुलगा दुसरीकडे कोठे जात नाही. नवरात्रात नामघोषाच्या वेळी हीच कांसाळी त्या मुलांच्या हाती द्यावीत आणि त्यांना बुवांच्या मागे, तबल्याच्या शेजारी बसवावे. कांसाळ्याला दोन हात लागतात.